दातांच्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

(मंडळाच्या वर्धापनदिनी नांदेड येथे दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला प्रथम 'दातांची निगा' असा विषय दिला होता. विषय सोपा होता. रात्री दात घासा आणि गोड बेताने खा, एवढे सांगून मी चहाला मोकळी झाले असते. परंतु अलीकडे आपल्या सभासद भगिनी माझ्याकडे येतात त्या स्वतःच्या दाताकरिता कमी आणि मुलीच्या प्रवेशाकरिता जास्त! "डॉक्टरीणबाई, हिचा एम.बी.बी.एस.ला नंबर लागेलसे दिसत नाही. बी.डी.एस.ला घालावे का?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की तोच विषय आज घेऊ द्या, अशी मी विनंती केली आणि ती मान्य झाली.

बारावीनंतर मुलीला डॉक्टर करायचे म्हणजे लातूरला पाठवायचे, हे आपल्याकडे आता नव्याने सांगावे लागत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत जाणारी एस.टी. जून महिन्यात पाहिली तर तिच्यात गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या पेट्या आणि डोळे पुसणाऱ्या आया यांचीच गर्दी असते. आता तर नांदेडातही शिकवणी वर्गांचे असे जाळे झाले आहे, की लातूरची मुले इकडे आणि इकडची तिकडे! पण लातूर काय, नांदेड काय, सगळ्यांचे डोळे एकाच परीक्षेकडे लागलेले. तिचे नाव 'नीट', पण तिच्यापायी घरातले काहीच नीट राहत नाही. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकले तर एक जातो. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले पदार्थविज्ञान आणि रसायनाचे. एम.बी.बी.एस.ची वाट आणि बी.डी.एस.ची वाट या एकाच दारातून निघतात. त्यामुळे झाले आहे काय, की ज्यांना पहिली वाट मिळाली नाही त्यांनी दुसरी धरायची, असा रिवाजच पडला.

मी २००४ साली बारावी झाले. तेव्हा 'नीट' नव्हती, राज्याची सी.ई.टी. होती, परंतु रिवाज हाच होता. वडील एस.टी.त वाहक. माझा बी.डी.एस.ला नंबर लागला तेव्हा घरात पेढे आले नाहीत. शेजारच्या काकूंनी आईचे सांत्वन केले, "असू द्या हो, दाताची तर दाताची, डॉक्टर तर म्हणतील!" आज हसू येते, त्या दिवशी मात्र आले नव्हते. म्हणून मुलींनो, मी पहिली गोष्ट ही सांगते, की हे क्षेत्र कोणाच्या तरी उरल्यासुरल्यातून निघालेले नाही. त्याचा स्वतंत्र इतिहास आहे आणि त्यात बायकांचा वाटाही मोठा आहे.

जगातले पहिले दंत महाविद्यालय १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला निघाले. अमेरिकेतल्याच लूसी हॉब्ज नावाच्या बाईला, ती बाई आहे एवढ्याच कारणाने, प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. तिने खाजगीरीत्या विद्या मिळवली, दवाखाना चालवला आणि शेवटी १८६६ साली ओहायोच्या महाविद्यालयाकडून पदवी घेतली. दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला पहिले दंत महाविद्यालय काढले. तिथेच शिकून फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दातांचा दवाखाना उघडला होता. पुढच्या राजकारणामुळे त्यांची ही ओळख मागे पडली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा झाला, आणि नोंदणी असल्याखेरीज कोणी दाताचा धंदा करू नये असे ठरले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. पण नोंदणीचे दंतवैद्य इकडे यायला पुढे किती काळ जावा लागला! मराठवाड्याचे शासकीय दंत महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८२ साली निघाले. तोवर आठवडी बाजारात जमिनीवर फडके पसरून बसणारा आणि चिमट्याने दात उपटणारा माणूस हाच आमचा दंतवैद्य होता. आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना तो आठवत असेल. आज लातूरला अंबाजोगाई रस्त्यावर एम.आय.डी.एस.आर. दंत महाविद्यालय आहे, नांदेडला नांदेड रूरल दंत महाविद्यालय आहे. म्हणजे आपली मुलगी घराच्या जवळ राहून ही विद्या शिकू शकते. आपल्या आज्यांच्या वाट्याला आलेला तो चिमटा पाहिला, तर ही गोष्ट लहान नाही.

आता अभ्यासाचे सांगते. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे अठराव्या वर्षी गेलेली मुलगी, कुठे अडली नाही, तर तेविसाव्या वर्षी डॉक्टर होऊन बाहेर पडते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांचा अभ्यास असतो. प्रेतावर शिकावे लागते. पुष्कळांना वाटते, दाताच्या डॉक्टरला माणसाचे हृदय कशाला शिकवायचे? अहो, खुर्चीवर येणारा माणूस नुसता दात घेऊन येत नाही. त्याला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. हे ठाऊक नसताना दात काढला, तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र आणि सूक्ष्मजंतुशास्त्र, तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक आणि शस्त्रक्रिया हे विषय आमच्याही नशिबी असतात.

पण आमचे खरे वेगळेपण हातात आहे. पहिल्याच वर्षी मेणाची चौकोनी वडी आणि कोरणी हाती देतात आणि सांगतात, यातून दाढ काढा. दाढेचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा, मुळाची वळणे, सारे मापात आले पाहिजे. वसतिगृहात रात्री बारा-बारा वाजेपर्यंत आम्ही मेण कोरीत बसायचो, आणि सकाळी मास्तर एका नजरेत ते परत करायचे. तेव्हा मला माझ्या आजीचा उपयोग झाला. करंजीला मुरड घालणारी, रांगोळीची रेघ एका दमात ओढणारी बोटे तिची. त्या बोटांची स्थिरता थोडीफार माझ्यात उतरली होती. मुरड घालणे, टाके घालणे, सुईत दोरा ओवणे यांना आपण बायकी कामे म्हणून बाजूला ठेवतो, पण दंतवैद्यकात तीच कमाई उपयोगी पडते. माझ्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त होत्या याचे मला मुळीच नवल वाटले नाही.

दुसऱ्या वर्षी प्लॅस्टरचे साचे करायचे, कवळ्या बसवायच्या, फँटम हेड नावाच्या लोखंडी मुंडक्याच्या तोंडात दात लावून ते कोरायचे आणि भरायचे. ते मुंडके ओरडत नाही हाच त्याचा गुण. तिसऱ्या वर्षी जिवंत माणूस समोर येतो, तो मात्र ओरडतो! मग अंतिम वर्षी सगळे विभाग: मुलांचे दात, वाकडे दात, हिरड्या, रूट कॅनल, कवळी, जबड्याची शस्त्रक्रिया, आणि सार्वजनिक दंतआरोग्य. प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने रुग्णांवर काम करून दाखवावे लागते. परीक्षेच्या आधी मुली बसस्थानकावर जाऊन, "आजोबा, दात हलतो का?" असे विचारतात, ही थट्टा मी ऐकली आहे. थोडी खरीही आहे.

या शिक्षणात मला सर्वांत मोठी शिकवण पुस्तकातून मिळाली नाही; आपल्या भागातल्या माणसांच्या तोंडातून मिळाली. तीन गोष्टी सांगते, कारण त्या तुमच्याही घरातल्या आहेत.

पहिली मिश्री. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-दुपार दातांना लावायची. दात साफ होतात म्हणून सुरुवात होते आणि मग ती लावल्याशिवाय चूल पेटत नाही, परसाकडला होत नाही, अशी गत होते. पुरुषाच्या विडीला आपण व्यसन म्हणतो, बाईच्या मिश्रीला मात्र दात घासणे म्हणतो. शेवटच्या वर्षाला असताना एका खेड्यातली पन्नाशीची बाई कवळीचे माप द्यायला आली. तिचे ओठ उलटून पाहिले, तो आतल्या बाजूला पांढरा चट्टा. कापसाने पुसून निघत नव्हता आणि दुखतही नव्हता. न दुखणारी गोष्ट बायका सांगत नाहीत, तशी तिनेही कुणाला सांगितली नव्हती. आमच्या बाईंनी तुकडा तपासायला पाठवला. कर्करोगाची पहिली पायरी निघाली. वेळेवर सापडली म्हणून ती बाई वाचली. पुढे दिवाळीला तिने आमच्या विभागात शंकरपाळे आणून दिले. त्या दिवशी मला कळले, की मी 'दाताची तर दाताची' डॉक्टर होत नव्हते. बाईच्या तोंडात डोकावून पाहायची परवानगी ज्या थोड्या माणसांना असते, त्यांतली मी एक होत होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागातल्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेले, की लहानपणी तयार होणाऱ्या दातांवर खडूसारखे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. त्याहून फार जास्त असले, तर वर्षानुवर्षांनी हाडेही ताठरतात. अशा गावची मुलगी दात घासून घासून थकते, हसताना तोंडावर पदर धरते, आणि लग्न ठरवायला आलेली माणसे तिला अस्वच्छ म्हणतात! पोरीचा दोष काहीच नाही, दोष खडकातल्या पाण्याचा. हे पाणी उकळून उपयोग होत नाही. उलट ते आटले की फ्लोराइडचे प्रमाण वाढते. इलाज म्हणजे पाण्याची तपासणी आणि मुले आठ-नऊ वर्षांची होईतो तरी त्यांना दुसरे पाणी.

तिसरी गोष्ट सुपारीची. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे शाळेतली मुलेही सांगतील. सुपारीने गालाच्या आतली त्वचा दोरखंडासारखी घट्ट होते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, एवढी परीक्षा घरी करा. विशीतल्या मुलाच्या तोंडात एक बोट जात नाही आणि त्याची आई त्याला वरण-भात चेचून भरवते, हे मी पाहिले आहे.

आता मुलींनो, पुढच्या दिवसांबद्दल स्पष्ट बोलते, कारण इथे गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. पदवी मिळाली की पैसा धावत येतो, असे नाही. मी प्रथम एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात नोकरी धरली. सकाळी दहा ते रात्री नऊ, आणि हाती येई ती रक्कम खोलीचे भाडे आणि डबा यांत संपे. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरणांचे यंत्र, हत्यारे निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, अशी काही लाखांची जुळणी लागते. एम.डी.एस. करायचे तर पुन्हा परीक्षा आणि तीन वर्षे. सरकारी रुग्णालयांत दंतवैद्यांच्या जागा असतात, पण मोजक्या. महाविद्यालयांत शिकवता येते, त्याला एम.डी.एस. लागते. दवाखाना नावारूपाला यायला तीन-चार वर्षे धीर धरावा लागतो. ज्यांना हा धीर नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे मी आईबापांसमोर मुलीला सांगते आणि त्यांचा रागही सोसते.

आणि भगिनींनो, नेमक्या याच तीन-चार वर्षांत आपण तिचे लग्न लावतो! एम.बी.बी.एस. झालेली मुलगी गाव बदलले तरी रुग्णालयात नोकरी पाहू शकते. दंतवैद्य मुलीचा दवाखाना म्हणजे तिने लावलेले झाड. नांदेडचे उपटून पुण्याला लावले, तर ते पुन्हा पहिल्यापासून. माझ्याबरोबरच्या दोघी-तिघी उत्तम हाताच्या मुली अशाच घरी बसल्या. एकीने तर पाच वर्षे शिकून मिळवलेले नोंदणीपत्र चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगले आहे. हातांना काम नाही, पाहुण्यांना मात्र दाखवतात. लग्न नको, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः संसारी बाई आहे. माझे म्हणणे एवढेच, की स्थळ पाहताना मुलाची नोकरी जशी विचारता, तसा मुलीचा दवाखाना कुठे राहणार हेही बोलणीतच विचारा. आणि लग्नात जो खर्च मांडवावर व मानपानावर होतो, त्यातून तिला एक खुर्ची घेऊन द्या. दागिना कपाटात राहतो, खुर्ची रोज कमावते. मला माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून खुर्ची घेऊन दिली. नातेवाईक म्हणाले, म्हाताऱ्याने पैसे बुडवले. वडिलांनी उत्तर दिले नाही. रोज संध्याकाळी ते दवाखान्यात येऊन बसत आणि रुग्णांना क्रमाने आत सोडत. तीस वर्षे तिकिटे फाडलेला माणूस, रांग मोडू देत नसे!

प्रवेशासाठी काय पाहावे, हे थोडक्यात सांगते. महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे का, हे प्रथम पाहा. दंतवैद्यकाचा नवा कायदा, राष्ट्रीय दंत आयोगाचा, संसदेने २०२३ साली केला आहे. मान्यतेचा शब्द शासनाच्या अधिकृत यादीतून घ्या, दलालाकडून कधीही घेऊ नका. दुसरे, दुपारी अकराच्या सुमारास महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्वतः जाऊन बसा. रुग्णांची रांग असेल तर मुलगी शिकेल. इमारत देखणी आणि खुर्च्या रिकाम्या असतील, तर परत फिरा. तिसरे शुल्क. २०२४ साली राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिकवणी व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली आहे. ती शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला लागू असते, व्यवस्थापनाच्या जागेला नाही. तेव्हा घाईने पैसे भरून मोकळे होऊ नका, आधी चौकशी करा. आणि मराठवाड्याची म्हणून जी ७०:३० ची प्रादेशिक वाटणी वैद्यकीय प्रवेशांना होती, ती २०२० साली रद्द झाली. आपल्या मुलींना आता साऱ्या महाराष्ट्रातल्या जागा खुल्या आहेत, आणि स्पर्धाही साऱ्या महाराष्ट्राशी आहे.

आणि एम.बी.बी.एस.साठी पुन्हा एक वर्ष थांबावे की नाही? जिला रात्री झोपेतही तेच दिसते, तिने एकदा थांबावे. पण आईबापांच्या हौसेखातर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा थांबलेल्या मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत. ते पाहवत नाहीत. त्यापेक्षा तिला एक दिवस एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यात नेऊन बसवा. रक्त, लाळ, दुर्गंधी आणि माणसाची भीती या चार गोष्टी पाहूनही तिला संध्याकाळी हत्याराला हात लावावासा वाटला, तर तिचा नंबर दुसरा नाही, पहिलाच लागला असे समजा, आणि पेढे वाटा.

शेवटी मंडळाला एक मागणे. आपण दर वर्षी हळदीकुंकवाला वाण देतो. यंदा प्रत्येक सभासदेने आपल्या घरी कामाला येणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या एका बाईला दात घासायचा ब्रश आणि पेस्ट द्यावी आणि तिची मिश्रीची डबी मागून घ्यावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पुसून न निघणारा चट्टा दिसला, तर तिला जवळच्या दंतवैद्याकडे न्यावे. माझ्याकडे आणल्यास तपासणीचे काही पडणार नाही. आणि घरातले सहा वर्षांचे मूल असेल, तर त्याच्या तोंडात सगळ्यांत मागे पाहा. तिथे एकही दात न पडता नवी दाढ आलेली असेल. ती दुधाची समजून आपण किडू देतो. पण ती कायमची आहे, दुसरी येणार नाही. एवढे आज घरी जाऊन पाहिलेत, तरी चिटणीसबाईंनी दिलेला मूळ विषयही पुरा झाला असे मी मानीन.